चेहरा आणि मन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा चिटणीसबाईंचा आग्रह. पाककृती पुष्कळजणी देतील. मी एका निराळ्या विषयाचा थोडासा इतिहास सांगते.

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे मुलाला केव्हा कळू लागते? चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाविषयी टिपणे ठेवली व ती १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. दाईने खोटे खोटे रडून दाखविताच त्या सहा महिन्यांच्या बाळाचे तोंड रडवेले झाले, अशी त्यांत नोंद आहे. माया अशी फार लवकर दिसू लागते. तिला पुढचे वळण मात्र घर लावते.

जीन ब्रिग्ज या विदुषी १९६३ ते १९६५ या काळात उत्तर कॅनडातील एका इन्युइट कुटुंबात मानलेली मुलगी म्हणून राहिल्या. तेथे मोठी माणसे राग दाखवीत नसत. लहान मूल चिडले तर ‘त्याला अजून समज आलेली नाही’ असे म्हणून सोसून घेत. समज वाढेल तसा राग आवरावा, ही अपेक्षा.

१९९४ साली जोशी व मॅक्लीन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातील व इंग्लंडमधील चार आणि सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून त्यांनी विचारले, “त्याला आतून काय वाटत असेल? आणि चेहऱ्यावर तो काय दाखवील?” चार वर्षांच्या भारतीय मुलींना हा भेद त्याच वयाच्या इंग्रज मुलींपेक्षा अधिक उमगत होता. वडीलधाऱ्यांपुढे मर्यादेने वागण्याची शिकवण आपण मुलींना किती लवकर देतो, हे का मी सांगायला हवे?

भगिनींनो, हे वाचून मला माझीच लेक आठवली. लहानपणी ती पाहुण्यांपुढे रडली की मी डोळे वटारीत असे. ती लवकर शिकली. पुढे सासरी तिला दोन वर्षे जाच झाला. पण माहेरी येई ती हसतमुखाने. “पोरगी सुखात आहे हो,” असे मी शेजारी कौतुकाने सांगे. खरे कळले ते फार उशिरा.

चारचौघांत मन आवरणे शिकवावेच लागते, ते मी नाकारीत नाही. परंतु मन मोकळे करायला आईची मांडी राखून ठेवावी, हे मी विसरले. आता नात रडू लागली की मी “गप्प बस” म्हणत नाही. जवळ घेते आणि विचारते, “काय झालं गं?” कधी ती सांगते, कधी नाही. मी बसून राहते.