रणदिवे, भालचंद्र त्र्यंबक

रणदिवे, भालचंद्र त्र्यंबक : (१९ डिसेंबर १९०४–६ एप्रिल १९९०). भारतीय साम्यवादी चळवळीतील एक अग्रगण्य महाराष्ट्रीय नेते व कामगार पुढारी. ‘बीटीआर’ या आद्याक्षरांनी परिचित. एम्.ए. झाल्यानंतर १९२८ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे, मिरजकर, घाटे प्रभृतींना अटक झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगार चळवळीची धुरा दुसऱ्या फळीवर पडली. या फळीतून रणदिवे पुढे आले. १९४३ मध्ये पूरणचंद जोशी व गंगाधर अधिकारी यांच्यासमवेत ते पॉलिट ब्यूरोत निवडले गेले.

कलकत्ता येथील दुसऱ्या अधिवेशनात (फेब्रुवारी–मार्च १९४८) जोशी यांना दूर सारून रणदिवे सरचिटणीस झाले. मिळालेले स्वातंत्र्य खोटे असून नेहरू सरकार भांडवलदारांचे आहे, तेव्हा शहरी कामगारांच्या सार्वत्रिक संपातून क्रांती घडवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच महिन्यात पश्चिम बंगाल सरकारने पक्षावर बंदी घातली. इतरत्रही धरपकड झाली. ९ मार्च १९४९ रोजी पुकारलेला रेल्वे संप फसला. अपयशाचे खापर सुधारणावादी ठरविलेल्या सहकाऱ्यांवर फुटू लागले. खुद्द जोशी यांना १९४९ मध्ये पक्षातून काढण्यात आले. तेलंगणातील शेतकरी लढ्याच्या आधारे चिनी मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या आंध्रच्या नेत्यांवर रणदिवे यांनी टीका केली व ती करताना माओ-त्से-तुंग यांनाही वगळले नाही. हे धाडस त्यांना भोवले. चीनमध्ये क्रांती यशस्वी झालेली होती आणि २७ जानेवारी १९५० रोजी कॉमिन्फॉर्मच्या मुखपत्राने अग्रलेखात चिनी मार्गच वसाहतींना अनुकरणीय ठरविला. त्यापुढे रणदिवे यांची भूमिका टिकणे अशक्य होते. १९५० च्या मध्यास त्यांना पदच्युत करून सी. राजेश्वर राव यांना सरचिटणीस करण्यात आले. सुमारे ८९ हजार असलेली सदस्यसंख्या दोन वर्षांत २० हजारांच्या आसपास आली होती. दडपशाही हे याचे एक कारण खरे. तथापि पक्षांतर्गत संशयाचे वातावरणही तितकेच जबाबदार होते.

समकालीन साम्यवादी राजवटींत अशा पदच्युतीचा अर्थ बहुधा मृत्यू असे. मंगोलियाचे पंतप्रधान पेल्जिदीन गेन्देन यांना स्टालिनशी मतभेदांमुळे १९३६ मध्ये पद गमवावे लागले व १९३७ मध्ये मॉस्कोत त्यांना गोळी घालण्यात आली. भारतात पक्षाच्या हाती तुरुंग वा न्यायालये नव्हती. त्यामुळे दूर सारलेला नेता परत येऊ शके. जोशी १९५१ मध्ये पक्षात परतले. रणदिवे १९५६ मध्ये पुन्हा केंद्रीय समितीवर आले. १९६४ च्या फुटीनंतर ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्यूरोचे सदस्य झाले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘सिटू’ या कामगार महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी अखेरपर्यंत भूषविले.