घास पोटात गेल्यावरही

टीव्हीवरच्या स्वयंपाकावरून आमच्या घरात दोन पक्ष होते. आई संजीव कपूरची, आजी प्रशांत दामलेंची.

आईचा पक्ष जुना. 1993 साली झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झालं. त्याआधी नवा पदार्थ घरात यायचा तो शेजारणीकडून, नाहीतर कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’तून. 1970 सालच्या त्या पुस्तकातली मापं वाटी-चमच्याची, म्हणजे आपल्याच मांडणीवरची. आता मुंबईच्या सेंटॉर हॉटेलातला शेफ थेट दिवाणखान्यात आला. कार्यक्रमाचं आधी ठरलेलं नाव ‘श्रीमान बावर्ची’ होतं. कपूर यांनीच ते बदलायला लावलं.

आई वही घेऊन टीव्हीसमोर बसायची. ती वही अजून आहे. ‘व्हाइट सॉस – मैदा लोण्यावर परतून’ इथपर्यंत लिहिलंय, पुढचं निसटलं. तिला कपूर आवडायचे कारण ते हसत, सावकाश, शिकवल्यासारखं सांगायचे.

आजीचा आक्षेप एकच. “सगळं चिरून वाट्यांत मांडलेलं असतं गं त्याच्यापुढे. ते कोण चिरतं, ते दाखवा म्हणावं!”

मग 2007 मध्ये झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ आलं आणि आजीला तिचा माणूस सापडला. इथे सगळं उलटं होतं. गावोगावच्या बायका ओट्याशी उभ्या राहून शिकवायच्या आणि सूत्रसंचालक फक्त गप्पा मारणार, चव घेणार. नाटकातले दामले. समोरची बाई कॅमेऱ्याला बिचकली तर तिला हसवून बोलतं करायचे आणि शेवटी मनापासून दाद द्यायचे.

आता आक्षेप घ्यायची पाळी आईची. “अहो आई, घास तोंडात जायच्या आत वा म्हणतात ते. रोजच सगळं छान कसं असेल? अशा अभिप्रायाचा काय उपयोग?”

मुद्दा बिनतोड होता. आजी पोळी लाटत म्हणाली, “आपल्याकडे घास पोटात गेल्यावरही कोणी म्हणत नाही.”

बाबा, आजोबा आणि मी, तिघंही जेवत होतो. कोणी मान वर केली नाही.

हे आठवलं ते परवा. आता मी तीस सेकंदांची रील्स बघतो. त्यात बहुतेक वेळा नुसते हात दिसतात, मागे गाणं. अनोळखी हातांनी केलेल्या पनीरला मी बदाम देतो, खाली ‘कमाल!’ लिहितो. परवा तसंच लिहीत असताना आईनं ताटात आमटी वाढली. मी फोन उलटा ठेवला आणि म्हणालो, “आई, आमटी मस्त झालीये.”

ती वाढता वाढता थांबली.

“का रे? मीठ कमी पडलंय का?”