बाह्य वापराची नियंत्रण केबल

नियंत्रण केबल म्हणजे यंत्रसामग्रीला ऊर्जा पुरवण्यासाठी नव्हे, तर तिला आज्ञा देण्यासाठी व तिची स्थिती जाणून घेण्यासाठी वापरली जाणारी, अनेक तारांची केबल होय. विद्युत उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर, पाणीपुरवठ्याचे पंप, खाणीतील कन्व्हेयर, साठवण टाक्यांवरील झडपा अशी उघड्यावरील उपकरणे या केबलने नियंत्रण कक्षाशी जोडलेली असतात. तिच्यातून वाहणारा विद्युतप्रवाह सहसा काही अँपिअरच असतो. त्यामुळे तिची निवड ही किरकोळ बाब मानण्याकडे कल दिसतो. प्रत्यक्षात, वाहिनीवर दोष उद्भवल्यावर सर्किट ब्रेकर उघडणार की नाही, हे याच केबलवर अवलंबून असते.

रचना

भारतात सर्वाधिक प्रचलित असलेली नियंत्रण केबल भारतीय मानक १५५४ (भाग १) नुसार बनते. तिचे विद्युतरोधन पीव्हीसीचे असून ती ११०० व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी असते. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनचे, म्हणजे एक्सएलपीईचे, विद्युतरोधन असलेल्या केबलसाठी भारतीय मानक ७०९८ (भाग १) लागू होते. सर्वसाधारण पीव्हीसीसाठी वाहकाचे कमाल तापमान ७० अंश सेल्सिअस, तर एक्सएलपीईसाठी ९० अंश धरतात. वाहक तांब्याचा, बहुधा १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटर छेदाचा असतो. पाचपेक्षा अधिक कोर असल्यास ते रंगांऐवजी अंकांनी ओळखले जातात. ७, १९, ३७ व ६१ हे कोरांचे आकडे वारंवार आढळतात, कारण मधल्या एका तारेभोवती ६, १२, १८, २४ अशी वर्तुळे बसवली की केबल आपोआप गोल होते. पुढील फेरबदलांसाठी काही कोर मोकळे ठेवण्याची प्रथा आहे.

वाहकाचा आकार

वीज वाहून नेणाऱ्या केबलचा आकार मुख्यतः तापण्यावरून ठरतो. नियंत्रण केबलचा मात्र अंतरावरून ठरतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वाहकाचा रोध २० अंशांना किलोमीटरमागे ७.४१ ओहम असतो. उपकरण नियंत्रण कक्षापासून ३०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६०० मीटर तार लागते व तिचा रोध सुमारे ४.४ ओहम भरतो. ११० व्होल्ट एकदिश पुरवठ्यावर ५ अँपिअर घेणारी, म्हणजे २२ ओहमची, ब्रेकर बंद करणारी कॉइल या तारेला जोडली, तर तिच्या टोकांशी सुमारे ९१.५ व्होल्टच पोहोचतात. अशी कॉइल नियत दाबाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९३.५ व्होल्टपर्यंत, खात्रीने चालावी अशी अपेक्षा असते. येथे ती खात्री उरत नाही. ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलसाठी हीच मर्यादा ७० टक्के असल्याने ती मात्र चालते. अशा वेळी ४ चौरस मिलिमीटरची केबल घेतात किंवा २.५ चे दोन कोर समांतर जोडतात. उन्हात तापलेल्या तारेचा रोध आणखी वाढतो आणि बॅटरीचा दाबही नेहमी पुरा ११० व्होल्ट नसतो; त्यामुळे हिशोब काठावर ठेवून चालत नाही.

करंट ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०० मीटरवरील ट्रान्सफॉर्मरसाठी वरीलच तारेचा एकूण रोध सुमारे ३ ओहम होतो. दुय्यम प्रवाह ५ अँपिअर असेल, तर केवळ तारेवरच सुमारे ७४ व्होल्ट-अँपिअरचा भार पडतो. प्रवाह १ अँपिअर असल्यास तोच भार ३ वर येतो. विस्तीर्ण स्विचयार्डमध्ये १ अँपिअरचे ट्रान्सफॉर्मर पसंत केले जातात, त्यामागे हे मोठे कारण आहे.

ऊन, पाणी आणि प्राणी

घरातील पांढऱ्या किंवा करड्या आवरणाची केबल उघड्यावर वापरल्यास अतिनील किरणांमुळे आवरण ठिसूळ होऊन तडकते. बाह्य आवरण काळे असते ते काजळीमुळे. ही काजळी किरणे शोषून घेते. तेलाच्या संपर्कात सामान्य पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य निघून जाते व आवरण कडक होते. सतत पाणी साचणाऱ्या चरांत पॉलिथिलीनचे आवरण अधिक उपयुक्त ठरते, कारण त्यातून ओलावा कमी झिरपतो. परंतु ते सहज पेट घेत असल्याने अशी केबल इमारतीत नेताना आगीचा विचार करावा लागतो.

उंदीर-घुशींपासून व कुदळीच्या घावापासून संरक्षण देते ते जस्तलेपित पोलादी चिलखत. ते गोल तारांचे किंवा चपट्या पट्ट्यांचे असते. केबलच्या खुणेत गोल तारांसाठी 'डब्ल्यू' आणि पट्ट्यांसाठी 'एफ' हे अक्षर येते. म्हणून तांब्याची, पीव्हीसीची, गोल तारांच्या चिलखताची केबल 'वायडब्ल्यूवाय' म्हणून ओळखली जाते. कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेत जस्ताचा थर लवकर झिजतो, आणि तोही आधी आवरण सोललेल्या जागी, म्हणजे ग्लँडपाशी. उघड्यावर दुहेरी दाबाची ग्लँड वापरतात, कारण ती चिलखताबरोबर बाह्य आवरणालाही घट्ट पकडते. केबल पेटीत खालून घ्यावी, हा नियम साधा वाटतो. पण वरून घेतलेली केबल पावसाचे पाणी थेट टर्मिनलवर आणते, आणि उत्तम केबल निवडूनही बिघाड तेथूनच सुरू होतो.

प्रेरित दाब व धारिता

लांब केबलमधील शेजारचे कोर एकमेकांशी धारित्रासारखे वागतात. किलोमीटरमागे ०.३ मायक्रोफॅरड धारिता धरली, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ प्रत्यावर्ती पुरवठ्यावर सुमारे २२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्यावर लहान रिले धरून राहू शकतो. म्हणजे 'थांबा' बटण दाबूनही पंप चालूच राहतो. जाड केबल घेऊन हा दोष जात नाही. त्यावर उपाय म्हणजे एकदिश किंवा कमी दाबाचा नियंत्रण पुरवठा.

उच्चदाब स्विचयार्डमध्ये तांब्याच्या किंवा अन्य धातूच्या जाळीची केबल घेऊन जाळी दोन्ही टोकांना भूसंपर्कित करतात. ४ ते २० मिलिअँपिअरच्या मापन संकेतांसाठी मात्र पिळाच्या जोड्यांची वेगळी केबल असते व तिची जाळी साधारणतः एकाच टोकाला जोडली जाते.

अंथरणे व चाचणी

जमिनीखाली नियंत्रण केबल किमान ०.७५ मीटर खोलीवर अंथरतात. चिलखती केबल वळवताना वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या १२ पटींहून कमी ठेवत नाहीत. जोडणीपूर्वी मेगरने प्रत्येक कोराच्या विद्युतरोधनाचा रोध मोजतात. त्या वेळी इलेक्ट्रॉनिक रिले व कार्डे सोडवून ठेवावी लागतात, अन्यथा चाचणीचाच दाब त्यांना निकामी करतो.