मुन्नारला जाताय? मग एवढं वाचून जा

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन मुन्नारला जाऊन आलो. फोटो टाकले तर निम्म्या कमेंट एकच, "स्वर्ग आहे राव!" स्वर्गच आहे, वादच नाही. पण हा स्वर्ग कधी तयार झाला, कुणी केला आणि तिथं राबणारी माणसं आली कुठून, हे कुठला गाईड सांगत नाही. तिथं जे पाहिलं-ऐकलं आणि आल्यावर जे वाचलं, ते लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण आपल्या धारूर-वडवणी-केज पट्ट्यातल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी नावापासून. ‘मून्नु’ म्हणजे तीन आणि ‘आरु’ म्हणजे नदी. मुतिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा या तीन नद्यांचा संगम म्हणजे मुन्नार. डोंगर आपलाच, सह्याद्री. फक्त इथं तो फार उंच होतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तर मुन्नारजवळची आनामुडी २६९५ मीटर. दक्षिण भारतात यापेक्षा उंच शिखर नाही.

दीडशे वर्षांपूर्वी या डोंगरावर चहाचं एक पान नव्हतं. घळीघळींत दाट जंगल, ज्याला तिकडं ‘शोला’ म्हणतात, आणि माथ्यावर गवताची कुरणं. राहायला मुतुवन आदिवासी. मालकी पूंजार नावाच्या छोट्या राजघराण्याकडं. १८७७ साली त्रावणकोर संस्थानच्या नोकरीतल्या जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजानं पूंजारच्या राजाकडून हे ‘कन्नन देवन’ डोंगर पट्ट्यानं घेतले. सव्वा लाखाहून जास्त एकर जमीन आणि खंड वर्षाला ३ हजार रुपये! डोंगरात राहणाऱ्या मुतुवनांना त्या कागदात काही विचारलं गेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला गोऱ्या मळेवाल्यांनी सिंकोना लावून पाहिला, कॉफी लावली, वेलदोडा लावला. १८८० च्या सुमारास शार्प नावाच्या मळेवाल्यानं पार्वती मळ्यात चहा लावला आणि तो जमला. १८९७ मध्ये कन्नन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी उभी राहिली आणि मग डोंगरच्या डोंगर साफ होत गेले. आज आपण ज्याला ‘निसर्ग’ म्हणून फोटो काढतो, तो खरं तर एक मोठा कारखाना आहे, उघड्यावरचा. चहा मुळात झाड आहे. सोडलं तर डोक्याच्या वर जातं. छाटून छाटून ते कमरेएवढं ठेवतात, म्हणून तो गालिचा दिसतो. मधे मधे सावलीला उभे असलेले सिल्व्हर ओकसुद्धा ऑस्ट्रेलियातून आणलेले.

आता मुद्द्याचं. एवढं जंगल तोडायला, रोपं लावायला, पानं खुडायला माणसं कुठून आली? खालच्या तमिळ मुलखातून. मदुराई, रामनाड, तिरुनेलवेली या कोरडवाहू भागातली, बहुतेक दलित, भूमिहीन कुटुंबं. त्यांना आणणारा माणूस म्हणजे ‘कंगाणी’. कंगाणी गावात यायचा, घराला उचल द्यायचा आणि उचल घेतलेलं अख्खं बिऱ्हाड घाट चढून मळ्यात यायचं. फिटेपर्यंत काम. फिटायच्या आत पुन्हा उचल. टोळीमागं कंगाणीला कमिशन.

वाचताना मी थांबलोच. नाव बदला, कंगाणीच्या जागी मुकादम लिहा. झाली की आपली गोष्ट! फरक एवढाच, की आपली माणसं सहा महिन्यांनी पट्टा पडला की परत येतात. ती माणसं परत गेलीच नाहीत. चार-पाच पिढ्या झाल्या, आजही मळ्यातल्या त्या ओळीच्या चाळीत राहतात. तिला ‘लयम’ म्हणतात. आणि ते घर कंपनीचं. नोकरी आहे तोवर घर, रिटायर झालं की सोडायचं.

त्या काळचा एक अवशेष आपण सगळेच पाहून येतो, पण कळत नाही. ‘टॉप स्टेशन’. माझ्या पोरानं तिथं विचारलं, "पप्पा, स्टेशन कुठंय?" प्रश्न बरोबर होता. १९०२ मध्ये मुन्नारपासून तिथवर बैलांनी ओढायची एकरुळी गाडी होती आणि १९०८ मध्ये तिथं छोटी रेल्वे आली. चहाच्या पेट्या रेल्वेनं टॉप स्टेशनला, तिथून रोपवेनं खाली तमिळ मुलखात आणि पुढं बोडीनायकनूर. जुलै १९२४ मध्ये असा पाऊस झाला की डोंगर खचले, मुन्नार बुडालं, रूळ वाहून गेले. ती रेल्वे पुन्हा झाली नाही. मल्याळी वर्ष १०९९ होतं, म्हणून केरळात आजही त्याला ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणतात. उरलं ते नाव.

इंग्रज गेले. १९५१ मध्ये मळेकामगारांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. घर, दवाखाना, पाळणाघर देणं मालकावर बंधनकारक झालं. १९७१ मध्ये केरळ सरकारनं कायदा करून लागवडीखाली नसलेली जमीन परत घेतली. त्यातूनच मळेवाल्यांच्या जुन्या शिकारीच्या रानाचं १९७८ मध्ये एरविकुलम राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं निलगिरी ताहर बघायला मिळतो, दांडगा रानबोकड. पर्यटकांना इतका सरावलेला की दोन हातांवरून निघून जातो. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीच्या काळात उद्यान बंद असतं, तेवढं पाहून बुकिंग करा. आणि नीलकुरिंजी! बारा वर्षांनी एकदा डोंगर निळा करणारं फूल. मागचा बहर २०१८ चा, पुढचा २०३० ला. आपल्याकडची सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी ही त्याच कुळातली.

मळे मात्र चालूच राहिले. मालक बदलत गेले. १९६४ मध्ये टाटा-फिन्ले, मग टाटा टी, आणि २००५ पासून कामगारांचेही शेअर असलेली नवी कंपनी. मालक बदलले तरी लयम तेच.

मग आला सप्टेंबर २०१५. बोनस २० टक्क्यांवरून १० वर आणला गेला. रोजची मजुरी होती २३२ रुपये, तीही किमान २१ किलो पाला भरला तर. एके दिवशी बायका मळ्यातून उठल्या आणि थेट मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. शंभर-दोनशे नाही, हजारो. नऊ दिवस मुन्नार बंद. कुठल्या युनियननं हाक दिली नव्हती. उलट युनियनचे पुढारी भेटायला आले तर त्यांनाच हाकलून लावलं. राग कंपनीवर होता तेवढाच वर्षानुवर्षं आपल्या नावावर तडजोडी करणाऱ्या पुढाऱ्यांवर होता. संघटनेचं नाव पडलं ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट. सानुग्रह रक्कम धरून २० टक्के मिळवूनच त्या उठल्या. पुढं मजुरी ३०१ झाली. मागणी ५०० ची होती. पंचायत निवडणुकीत त्यांनी काही जागाही जिंकल्या. नंतर संघटनेत फूट पडली, जोर ओसरला. पण नऊ दिवस मुन्नार कुणाचं आहे ते अख्ख्या देशानं पाहिलं.

घराचा प्रश्न तसाच राहिला आणि त्याची किंमत ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मोजावी लागली. राजमलाजवळ पेट्टिमुडीला दरड लयमवर आली. ७० माणसं गेली. वीज आणि फोन बंद असल्यानं बाहेर खबर पोचायला सकाळ उजाडली. दुसऱ्याच दिवशी कोळिकोडला विमान अपघात झाला. विमानातल्या मृतांना सरकारनं १० लाख जाहीर केले, पेट्टिमुडीच्या मृतांना ५ लाख. केरळात त्यावर खूप बोललं गेलं. आपल्याला हे नवीन नाही. माळीण, तळीये, इर्शाळवाडी आपण पाहिलंय. माळीण ३० जुलै २०१४, आणि वायनाडच्या चहामळ्याच्या गावांवर दरड आली ती ३० जुलै २०२४. तारीखसुद्धा तीच. पश्चिम घाट कुठं कसा जपावा हे आपल्याच पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ मध्ये सांगून ठेवलं होतं. केरळनं विरोध केला, आपणही केला.

शेवटचं एक. एका मळ्याच्या कडेला पाला खुडणाऱ्या अक्कांशी ड्रायव्हरला मधे घालून थोडं बोललो. हातात डबा लावलेली कात्री, डोक्याला फडकं. मी कुठला, आमच्याकडं काय पिकतं, त्यांनी विचारलं. मी ऊसतोडीचं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न, "बाईला हजेरी किती?" मी सांगायला लागलो की आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो... ड्रायव्हरनं दोनदा समजून घेतलं, मग त्यांना सांगितलं. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे तिच्या नावावर काहीच नाही?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांचं घर त्यांचं नाही, हे खरं. पण हजेरीपटावर बाईचं स्वतःचं नाव आहे, मजुरी तिची आहे. म्हणून तर बोनस कापल्यावर ती रस्त्यावर बसू शकली. आपल्या फडातल्या बाईला बसायचं म्हटलं तर कशाच्या जोरावर बसेल? कल्याण महामंडळ झालं, आनंद आहे. पण कोयत्यातली तिची अर्धी मजुरी तिच्या हातात कधी येणार, ते विचारायला कारखान्यावर की मुकादमाकडं जायचं, ते तरी कुणी सांगा.

मुन्नारला जरूर जा. फोटो काढा, चहा आणा. फक्त त्या गालिच्यात कुठंतरी रांगेनं उभी असलेली, पत्र्याची, बुटकी घरं दिसतील. तिकडंही एकदा बघा. आणि आपल्याकडं आता टोळ्या निघाल्यात, ट्रकच्या मागं पोरंबाळं, भांडीकुंडी दिसतील. तिकडंही.