अनुसंधान

हातातले काम चालू असताना मनात ईश्वराचे स्मरण अखंड जागे ठेवण्याची साधना. तिला वेगळी बैठक लागत नाही की कामातून सुट्टी. गीतेच्या आठव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला स्मरणही कर आणि लढही, असे सांगतो. दासबोधाच्या चौथ्या दशकातला तिसरा समास याच स्मरणभक्तीचा आहे.

वारकरी संतांनी ही साधना आपापल्या धंद्यात मुरवली. अरणचे सावता माळी (१२५०–१२९५) मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, अशी आख्यायिका आहे. जनाबाईंच्या अभंगांत तो दळणकांडणाला हात लावतो. तेरच्या गोरा कुंभारांची कथा मात्र यातली जोखीमही दाखवते : नामाच्या तंद्रीत माती तुडवताना पोटचे पोर पायाखाली आले, तरी त्यांना कळले नाही. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांनी प्रपंच नेटका करूनच रामनाम घेण्यावर भर दिला.

कल्याण–कसारा रेल्वेमार्गावरील आटगाव आणि भोवतालचा शहापूर–मुरबाडचा मुलूख भातशेतीचा. आषाढी वारी येते ती ऐन आवणीच्या दिवसांत. चिखलात वाकून रोपे लावणाऱ्याला तेव्हा पंढरी गाठणे कठीण.

गावातला अखंड हरिनाम सप्ताह मात्र कामाच्या वेळा सांभाळून चालतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पहाऱ्याची पाळी संपली की दोघे एकमेकांच्या पाया पडतात, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि मोकळा झालेला गोठ्याकडे किंवा गाडी पकडायला निघतो. नाम अखंड राहते ते साऱ्या गावाने वाटून घेतल्यामुळे. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळेही नोकरीच्या वाटेवरच टाळ काढतात. मृदंग नसला तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो.

महाराष्ट्राबाहेरचे जवळचे उदाहरण पॅरिसच्या कार्मेलाइट मठातले ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) यांचे. मठाच्या स्वयंपाकघरात राबताना आणि प्रार्थनेला बसल्यावर त्यांना ईश्वराचे सान्निध्य सारखेच जाणवे.

विसाव्या शतकात रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांनी स्वाध्याय परिवारात त्रिकाल संध्या रुजवली : उठताना, जेवताना आणि झोपताना ईश्वराची आठवण. त्यांच्या ‘योगेश्वर कृषी’त गावकरी सामाईक शेतावर पाळीपाळीने पुजारी म्हणून राबतात. पीक ईश्वराचे मानले जाते आणि त्यातून गरजूंना मदत होते.