चौलचा इतिहास घाटाखाली

चौलचा इतिहास सांगणारा बहुधा रेवदंड्याच्या तटापासून सुरुवात करतो: १५०८ची आरमारी लढाई, पोर्तुगीजांचा कोट, समोर कोर्लई. ते योग्यच आहे. पण बंदर नुसत्या समुद्रावर जगत नाही. त्याच्या पाठीशी माल पुरवणारा मुलूख लागतो. चौलचा तो मुलूख घाटावर होता. म्हणून बोरघाटासारख्या वाटा जिथे खाली उतरतात, त्या कर्जत-खालापुरात या शहराचा निम्मा इतिहास शोधायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याणनंतर सेमुल्लाचं नाव येतं आणि कान्हेरी लेण्यांतल्या लेखांत चेमुलचे दाते भेटतात. ही दोन्ही नावं चौलचीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘पेरिप्लस’च्या थोडं आधी राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याचं लेणं खोदलं गेलं. कडाव-कशेळ्यावरून पुढे गेलं, की आंबिवलीचं लेणं लागतं. कोंढाण्याची चैत्यकमान जवळून पाहावी. वाशांची टोकं, जाळ्या, सज्जे असं सारं लाकूडकाम दगडात उतरवलं आहे आणि वर नाचणारी जोडपी कोरली आहेत. अशा कारागिरांना वर्षानुवर्षं पोसणं नुसत्या भातशेतीला झेपणारं नाही; वाटेवरून पैसा येत असणार.

यावर कोणी म्हणेल, कोंढाण्याच्या प्रसिद्ध लेखात चौलही नाही आणि व्यापारीही नाही. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच आहे. शिवाय ही लेणी ज्या खोऱ्यात आहेत, ते उल्हास नदीचं खोरं कल्याणकडे उतरतं. हा आक्षेप रास्त आहे, पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो. बोरघाट उतरलेल्या मालापुढे कल्याण आणि चौल अशा दोन वाटा होत्या, आणि तो कुठे वळेल यावर बंदराचं नशीब ठरे. चौल खाडीतल्या गाळामुळे आणि लढायांमुळे बसलं, हेही अर्धंच उत्तर आहे. १५७०-७१मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, कारण घाटावरच्या राज्याला समुद्राकडचं दार स्वतःच्या हाती हवं होतं. १६३६ साली ती निजामशाहीच बुडाली आणि चौलला आपलं मानणारी घाटावरची राजधानी उरली नाही. मुंबईचं बंदर पुढे वाढलं, तेही १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाल्यावर आणि १८६३ साली रेल्वे घाट चढल्यावर. ती रेल्वे पळसदरीहून वर गेली. वाट वळली तशी, नाना फडणविसांनी जिथे तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं, ती घाटपायथ्याची खोपोलीही बाजूला पडली; तेव्हापासून ती फाट्यावरचं स्टेशन आहे.