चांदवडची टांकसाळ आणि हरित हायड्रोजनचा व्यापार

सातमाळा रांगेच्या पायथ्याशी, खानदेश व गोदाखोरे यांना जोडणाऱ्या वाटेवर चांदवड वसले आहे. होळकरकाळात या गावाचे महत्त्व जसे किल्ल्यामुळे व रंगमहालामुळे होते, तसेच ते टांकसाळीमुळेही होते. ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ हे टांकसाळनाम धारण करणारा चांदवडी रुपया येथे पाडला जाई. त्यावर नाव मोगल बादशहा शाह आलम याचे. सत्ता मात्र मराठ्यांची.

असे नाणे परमुलखात गेले, म्हणजे सराफ त्याचा कस व वजन पाहून बट्टा आकारीत. चांदी तीच, पण तिचे मोल घेणाऱ्या पेठेत ठरे. १८१८ च्या मंदसोर तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया तिच्या साऱ्या मुलखात प्रमाण ठरला. प्रमाण ठरविण्याचा अधिकार सत्तेबरोबर सरकतो, हे यावरून स्पष्ट होते.

हरित हायड्रोजनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. चांदीचा कस कसोटीवर उतरतो. हायड्रोजनचा उतरत नाही. कोळशापासून काढलेला आणि सौरविजेने पाण्यातून मिळविलेला वायू गुणाने एकच. भेद राहतो तो केवळ दाखल्यात. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये एक किलो हायड्रोजनमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य उत्सर्जनाची मर्यादा घातली. युरोपीय संघाची मर्यादा सुमारे ३.४ किलो आहे. वरवर पाहता भारताचा नियम अधिक कडक भासतो. परंतु भारतीय गणना कारखान्याच्या दारापाशी थांबते, तर युरोपीय गणना वाहतुकीसह ग्राहकापर्यंत जाते. शिवाय हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो, म्हणून दूरच्या वाहतुकीसाठी त्याचे बहुधा अमोनियात रूपांतर करावे लागते. त्या प्रत्येक टप्प्याचा भार युरोपीय हिशेबात चढतो.

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणन योजनाही जाहीर झाली. म्हणजे टांकसाळ उभी राहिली आहे. तिचा शिक्का परक्या पेठेत बट्ट्यावाचून चालावा, यासाठी दोन्ही गणनांचा मेळ घालणारे करार हवेत. ते न झाल्यास उत्पादन आपले आणि बट्टा ठरविणारा सराफ परका, अशी स्थिती येईल. पुरवठासाखळीच्या अभ्यासकांनी नळ व नौका यांच्याइतकेच या दाखल्याकडेही लक्ष देणे अगत्याचे होय.